हॉटेलात माणूस टिकत का नाही, मागे जाऊन बघितलं तर

हॉटेल लाईनमध्ये माणूस टिकत नाही ही तक्रार आजची नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातली कितीतरी मोठी हॉटेलं सीझनवर चालायची, उन्हाळ्यात डोंगर आणि तळी, हिवाळ्यात समुद्र, सीझन संपला की स्टाफने बॅग भरायची. ज्याच्या नावाने आजही रिट्झ हॉटेलं ओळखली जातात तो हॉटेल व्यवस्थापक सेझार रिट्झ खुद्द काही वर्षं उन्हाळ्यात लुसर्नला आणि हिवाळ्यात मोनॅकोकडे काम करायचा. त्यामुळे सोडून जाणं म्हणजे बेइमानी असं कोणी मानत नव्हतं, कामाची रीतच ती होती. त्यात वेटरचा पगार नावापुरता, पोट टिपवर, मग जिथे टिप जास्त तिकडे पाय वळणारच.

म्हणून या माणसांचा कशातच जीव नव्हता असं मात्र नाही. 1898 ला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलने रिट्झ आणि शेफ एस्कॉफिये यांना गैरकारभाराचा ठपका ठेवून काढलं, तेव्हा किचनमध्ये अक्षरशः बंड झालं, सोळा कुकना बाहेर काढायला पोलीस आले, काहींनी लांब सुरे उचलले होते असं तेव्हाच्या पेपरात छापून आलं. ठपका खरा की खोटा ते बाजूला ठेवा, पण ती निष्ठा हॉटेलच्या पाटीशी नव्हती, ज्याच्या हाताखाली शिकलो त्याच्याशी होती. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. आजही चांगला शेफ किंवा हाऊसकीपिंगची सुपरवायझर दुसरीकडे गेली की पाठोपाठ तीन-चार जण जातात, आणि एचआरच्या फॉर्मवर कारण लिहिलेलं असतं 'वैयक्तिक'.

अभ्यासकांनी हे नीट बघायला घेतलं ते बऱ्याच उशिरा. 1950 मध्ये कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटशी संबंधित राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी मांडलं की गळती सगळ्यात जास्त सुरुवातीच्या काळात होते, तो काळ निभावला की माणूस हळूहळू रुजतो. त्यांचा अभ्यास कारखान्यातला, पण हॉटेलात हे रोज दिसतं. तिसऱ्याच दिवशी नवीन मुलीला एकटीला फ्लोअरवर सोडतात, ट्रॉलीत टॉवेल कमी, चादरी-टॉवेल ठेवायच्या लिनन रूममध्ये कोणी भेटत नाही, रिसेप्शनवरून फोनवर फोन की रूम रेडी झाली का, दुपारी स्टाफ कॅन्टीनमध्ये शेजारी बसायला ओळखीचं कोणी नाही, मग पुढच्या सोमवारी ती येत नाही आणि आपण म्हणतो आजकालच्या मुलांना कष्ट नकोत.

पुढे 1958 ला जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या अभ्यासकांनी साधं गणित मांडलं, सोडावंसं वाटणं किती आणि सोडणं सोपं किती. हॉटेलात दोन्ही जुळतं, कारण बेड लावायची, टेबल लावायची पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखी, हातातलं काम घेऊन माणूस कुठेही उभा राहतो. 1991 मध्ये मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी कमिटमेंटचे, म्हणजे नोकरीशी बांधून राहण्याचे, तीन प्रकार सांगितले: राहावंसं वाटतं म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून, आणि राहायला पाहिजे असं मनाला वाटतं म्हणून. रजिस्टरमध्ये तिघेही हजरच दिसतात, पण हॉटेलने राहायला दिलेलं क्वार्टर जाईल या भीतीने थांबलेला माणूस पाहुण्याशी कसा बोलतो ते काउंटरवर लगेच कळतं.

कोविडमुळे 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये एकट्या अमेरिकेत हॉटेल, खानपान आणि करमणूक क्षेत्रातल्या सुमारे 80 लाख नोकऱ्या गेल्या. त्यातल्या कितीतरी लोकांना दुसरीकडे ठरलेली वेळ आणि सणावाराला सुट्टी मिळाली, ब्रेक शिफ्ट नाही, दुपारचे तीन-चार तास मध्येच लटकत बसणं नाही, मग ते परत कशाला येतील? माणसं कमी म्हणून बऱ्याच हॉटेलांनी रोजची रूम सफाई बंद केली आणि चार-चार दिवस न झाडलेली रूम चेकआऊटनंतर ठरलेल्या तेवढ्याच मिनिटांत आवरायचं काम जे टिकले त्यांच्याच अंगावर आलं.