पलंगाखालचं मांजर आणि इंग्रजीतली प्रिपोझिशनची रांग

माझी भाची सातवीत आहे, तिने परवा होमवर्क करता करता विचारलं, मामा, एका नाउनला प्रिपोझिशन एकच लागतं ना, मग इथे तीन कशी काय? पुस्तकातलं वाक्य होतं ‘द कॅट केम आउट फ्रॉम अंडर द बेड’. आउट, फ्रॉम, अंडर, तिघं एका रांगेत उभे, जणू एकाच खिडकीवर तीन माणसं. शाळेत आपल्याला शिकवतात की टेबलावर असेल तर ऑन, टेबलाखाली असेल तर अंडर, आणि त्यापुढे कोणी काही बोलतच नाही, म्हणून मग अशी रांग दिसली की ती छापायची चूक वाटते.

चूक नाहीये. तिघांची कामं वेगळी आहेत. ‘अंडर’ला पलंग हवा असतो, ‘अंडर द बेड’ ही एक जागा झाली. ‘फ्रॉम’ला मात्र पलंग नकोच आहे, त्याला ती अख्खी जागा हवीये, पलंगाखालची, कारण मांजर पलंगापासून निघालेलं नाही, पलंगाखालच्या अंधारातून निघालंय. आणि ‘आउट’ हे क्रियापदाच्या कानाला लागलेलं आहे, ते सांगतंय की मांजर आता बाहेर दिसायला लागलं. हे खरं कशावरून, तर मध्ये ‘राइट’ घालून बघा: ‘फ्रॉम राइट अंडर द बेड’, अगदी पलंगाखालून. हा शब्द फ्रॉम आणि अंडरच्या मधे आरामात बसतो, कारण ‘राइट अंडर द बेड’ हे एक गाठोडं आहे आणि फ्रॉम ते गाठोडं उचलून नेतोय.

रे जॅकेंडॉफ नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे असंच मांडलं होतं, की आतमध्ये जागा आणि तिच्यावरून गुंडाळलेला मार्ग. म्हणून ‘फ्रॉम अंडर’ होतं, ‘अंडर फ्रॉम’ होत नाही. वेळेचंही तसंच, ‘सिन्स बिफोर द वॉर’, ‘अंटिल आफ्टर लंच’.

आता गंमत अशी की हे सगळं आपण मराठीत रोज करतो पण आपल्याला कळत नाही, कारण आपले तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात. पलंगा-खाल-ऊन. युद्धा-आधी-पासून. आधी वस्तू, मग जागा, मग मार्ग. इंग्रजीत बरोब्बर उलटं, आधी मार्ग, मग जागा, मग वस्तू. आरशात बघितल्यासारखं, पण जागा दोन्हीकडे वस्तूच्या शेजारीच आणि मार्ग दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला. जोसेफ ग्रीनबर्गने १९६३ मध्ये ३० भाषा शेजारी ठेवून दाखवलं होतं की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं त्यांच्यात असले शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागून लागतात. मराठी, तमिळ, जपानी, तुर्की सगळ्या त्यातल्याच. (फारसी मात्र हट्टी, क्रियापद शेवटी आणि हे शब्द तरीही आधी.)

मग आपलं चुकतं कुठे? माझ्या मते त्या ‘ऊन’मध्ये. मराठीत हा प्रत्यय दोन नोकऱ्या करतो. ‘मांजर पलंगाखालून आलं’ म्हणजे तिथून निघालं. पण ‘ट्रेन पुलाखालून गेली’ म्हणजे ट्रेन काही पुलाखाली राहायला नव्हती, ती तिथून फक्त पास झाली. साधं ‘कुठून आलास?’ घ्या, त्याला ‘पुण्याहून’ हेही उत्तर चालतं आणि ‘जुन्या हायवेवरून’ हेही. इंग्रजी इथे दोन्ही वेगळं ठेवते, निघण्याला फ्रॉम लागतं, ओलांडून जाण्याला फ्रॉम अजिबात नको, ‘द ट्रेन वेंट अंडर द ब्रिज’ एवढंच. आपण डोक्यात पुलाखालून म्हणतो आणि तोंडातून ‘फ्रॉम अंडर द ब्रिज’ बाहेर पडतं. ‘लेट्स गो फ्रॉम दिस रोड’ पण त्याच कारखान्यातला माल. विमान घरावरून गेलं म्हणजे ‘ओव्हर द हाउस’, ‘फ्रॉम अबव्ह’ नाही. हे एकदा लक्षात आलं ना की अर्ध्या चुका आपोआप दिसायला लागतात, मी स्वतः दहा वर्षं ऑफिसच्या मेलमध्ये ‘फ्रॉम’ असा वाटेल तिथे टाकत होतो आणि कोणी टोकलंही नाही.

दुसऱ्या प्रकारची जोडी म्हणजे ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक डाउन ऑन’. यात पहिला तुकडा क्रियापदाचा आणि दुसरा नामाचा. ओळखायचं तर डोळ्यांनी नाही, कानांनी. कोणी ‘पुट अप विथ’ बोलत असेल तर ‘अप’वर जोर येतो आणि ‘विथ’ कसंबसं पुटपुटलं जातं. आपल्याकडचं लाडकं ‘कोप अप विथ’ बहुतेक इथूनच आलंय, ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ अशा सगळ्यांकडे अप आहे म्हटल्यावर बिचाऱ्या कोपलाच का नसावं. मूळ इंग्रजीत ते नुसतं ‘कोप विथ’ आहे.

आणि मग तो जुना किस्सा. लहान मुलगा वरच्या खोलीत झोपायला गेलाय, बाप खालून नको ते पुस्तक घेऊन येतो, तर मुलगा म्हणतो, ‘व्हॉट डिड यू ब्रिंग दॅट बुक दॅट आय डोंट वाँट टु बी रेड टु आउट ऑफ अप फॉर?’ शेवटी पाच, टु, आउट, ऑफ, अप, फॉर. ऐकल्यावर वाटतं पोरगं अडखळलं. पण नीट बघितलं तर प्रत्येकाचा मालक वाक्यात आधीच येऊन गेलाय: व्हॉट, मग ब्रिंग, मग बुक, मग आय. आता शेवटची रांग वाचा. ‘टु’ त्या आयचं (मला वाचून दाखवणं), ‘आउट ऑफ’ बुकचं, ‘अप’ ब्रिंगचं, ‘फॉर’ अगदी पहिल्या व्हॉटचं. डब्यात डबा ठेवलेला असतो तसं, जो शेवटी उघडला त्याचं झाकण आधी लागतं. पोरगं एकही झाकण चुकलेलं नाही! मराठीत तेच ‘मला ज्यातून वाचून घ्यायचं नाहीये ते पुस्तक तू कशासाठी वर आणलंस?’, सगळे आपापल्या घरात, रांग नाहीच.

वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं सांगणारे लोक या मुलाला नापास करतील. ती कुरकुर जुनी आहे, कवी ड्रायडनने १६७२ मध्ये ती छापून केली होती. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र तेव्हाही फार मनावर घेतलं नाही.

खरं तर आज जी प्रिपोझिशनं एकेकटी वाटतात त्यातली बरीच पूर्वीच्या रांगाच आहेत, आता जोड दिसत नाही इतकंच. ‘इनटु’ आणि ‘अपॉन’ उघडउघड दिसतात. ‘बट’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले बाय आणि आउट, बाहेर ठेवून, वगळून, म्हणून ‘ऑल बट वन’ म्हणजे एक सोडून सगळे. ‘अबाउट’मध्ये तर त्याच दोघांच्या पुढे आणखी एक ऑन लागलाय, म्हणजे तिघं जण, अगदी त्या मांजराच्या वाक्यासारखे. भाचीच्या वहीत ‘डिस्कस अबाउट’वर लाल रेघ होती, एक शब्द जास्त म्हणून. मी तिला म्हटलं, जुना हिशेब लावला तर तू तीन जास्त घातलेस.