चार तास, सहा खुर्च्या

इंडियानापोलिस शहरातलं कन्व्हेन्शन सेंटर. उन्हाळ्यात चार दिवस तिथले हॉल आणि आसपासच्या हॉटेलांमधल्या बैठकीच्या खोल्या टेबलांनी भरून जातात. प्रत्येक टेबलाला सहा-सात खुर्च्या. बसलेली माणसं बहुतेक वेळा एकमेकांना ओळखत नाहीत. टेबलाच्या एका टोकाला, पुठ्ठ्याच्या उभ्या आडोशामागे बसलेला माणूस घसा खाकरून म्हणतो, "दार ढकललंत. आत काळोख आहे, कुठंतरी पाणी ठिबकतंय. काय करताय?" पुढचे चार तास तो काळोख सगळ्यांच्या मालकीचा. वेळ संपली की फासे पिशवीत, पेन्सिली खिशात. पुढच्या खेळाचे लोक खुर्च्यांमागे येऊन उभे राहिलेले असतातच.

या संमेलनाचं नाव जेन कॉन. २०२३ साली तिथे ७०,००० च्या वर माणसं आली होती.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय, हे कधी न खेळलेल्याला सांगताना पंचाईत होते. पट असला तर सोयीपुरता, शेवटी कुणी जिंकत नाही, आणि खेळाचा बराचसा भाग म्हणजे नुसतं बोलणं. एक जण सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतंय हे सांगायचं, आणि जिथे जमेल की फसेल हे ठरत नाही तिथे फासे टाकायचे. कोकणातल्या दशावतारी नटाला हे पटकन कळेल: आख्यान ठरलेलं, संवाद उभ्याउभ्या रचायचे. घरी हा खेळ ठरलेल्या मित्रमंडळींत दर आठवड्याला, महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं चालतो. संमेलनात मात्र चार तास आणि अनोळखी माणसं. त्यामुळे घरचा खेळ अस्सल आणि संमेलनातला म्हणजे त्याची नमुन्याची पुडी, असा समज सहज होतो. इतिहास बघितला तर हा खेळ जन्मला संमेलनातल्या एका ओळखीतून, आणि त्याच्या आज अंगवळणी पडलेल्या कितीतरी रीती त्या चार तासांनी घडवल्या.

मुळं तशी लांबवर जातात, अगदी आपल्यापर्यंत. चतुरंगाचं पुढे युरोपात बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने त्या पटाची घरं सोळाशेच्या वर नेऊन त्यात डोंगर, नद्या, तोफा आणल्या. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने घरं काढून टाकून नकाशा घेतला आणि दोन बाजूंच्या मध्ये एक पंच बसवला. कुणाला काय दिसतं, कुणाला काय कळतं, हे तो पंच ठरवणार. आजच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेला माणूस हा त्या पंचाचाच वारस. पुढे विसाव्या शतकात हे युद्धखेळ लष्कराच्या कचेऱ्यांतून हौशी लोकांच्या तळघरांत आले.

असंच एक तळघर विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात होतं. तिथे वाळूचं मोठं टेबल होतं आणि त्यावर शिशाचे सैनिक लढायचे. घरमालक गॅरी गायगॅक्स विम्याच्या कचेरीत नोकरीला. १९६७ मध्ये त्याने ओळखीच्या खेळाडूंना घरी बोलावलं. घर अपुरं पडलं, म्हणून १९६८ च्या ऑगस्टमध्ये त्याने गावचा हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलरला भाड्याने घेतला. प्रवेश एक डॉलर. शंभरेक लोक आले आणि भाडं सुटलं. गावाच्या नावावरून आणि युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा कन्व्हेन्शनवरून कोटी करत नाव ठेवलं जेन कॉन. तोवर रोल-प्लेइंग गेम नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. आधी मांडव पडला, लग्न नंतर ठरलं.

पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९६९ च्या संमेलनात गायगॅक्सची गाठ मिनेसोटाच्या एका तरुण विद्यार्थ्याशी पडली. त्याचं नाव डेव्ह आर्नेसन. दोघांनाही शिडाच्या जहाजांच्या लढायांचं वेड. पत्रव्यवहार सुरू झाला आणि दोघांनी मिळून त्या लढायांचे नियमही लिहिले.

आर्नेसनच्या मंडळात तेव्हा एक वेगळंच प्रकरण शिजत होतं. डेव्ह वेसली नावाच्या गड्याने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ बसवला होता. सैन्यं गावाबाहेर भिडायची होती, पण खेळाडू जास्त आले. मग उरलेल्यांना काहीतरी काम हवं म्हणून वेसलीने कुणाला महापौर केलं, कुणाला विद्यापीठाचा प्रमुख, कुणाला विद्यार्थी. झालं असं की लोक पटाकडे फिरकलेच नाहीत. दोघं-दोघं बाजूच्या खोलीत जाऊन खलबतं करू लागले, एकमेकांना थापा मारू लागले, कुणीतरी द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. वेसली एकटा मधे उभा राहून प्रत्येकाला उत्तरं देत होता. खेळाचा पार विचका झाला असं समजून तो घरी गेला. मंडळी मात्र विचारत राहिली, पुन्हा कधी?

वेसलीला लष्करी सेवेचं बोलावणं आलं आणि धागा आर्नेसनने उचलला. १९७१ च्या सुमारास त्याने ब्लॅकमूर नावाचं राज्य, त्याचा किल्ला आणि किल्ल्याखालची तळघरं रचली. लढाईच्या नियमांसाठी गायगॅक्सचीच एक पुस्तिका हाताशी घेतली. १९७२ च्या हिवाळ्यात तो लेक जिनिव्हाला आला आणि गायगॅक्सच्या घरी त्याने तो खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स टाइपरायटरला जाऊन बसला. त्याने रचलेल्या नव्या, काल्पनिक तळघरात सर्वांत आधी उतरली ती त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस.

तोवर गायगॅक्सची विम्याची नोकरी सुटली होती आणि तो चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९७३ मध्ये त्याने मित्र डॉन के याच्यासह टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या नावाने त्या खेळाच्या १००० पेट्या तयार झाल्या. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून आणलेले: चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे पाच आकार, मूळचे भूमिती शिकवण्यासाठीचे. वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ आकडे दोनदा. आकडे नुसते कोरलेले, रंग नाही, म्हणून लोक मेणाच्या खडूने त्या खाचा भरायचे. निम्मे आकडे एका रंगाने आणि निम्मे दुसऱ्याने भरले की एक ते वीस मोजता यायचं. प्लास्टिक इतकं मऊ की वर्षभरात कडा झिजून फासा गोटीसारखा घरंगळायला लागायचा.

आणि पुस्तिका? स्पष्ट बोलायचं तर त्या वाचून खेळ समजत नसे. लिहिणाऱ्याने वाचणारा युद्धखेळ खेळलेलाच असणार असं धरलं होतं, आणि मुख्य गोष्ट, म्हणजे टेबलावर नेमकं कोण काय बोलतं, ही जवळजवळ कुठेच नीट सांगितली नव्हती. खेळ पसरला तो पाहून. कुणीतरी संमेलनात जायचं, अनोळखी टेबलावर बसायचं, घरी येऊन मित्रांना खेळवायचं. गाणं जसं पोथीतून येत नाही, समोर बसून घ्यावं लागतं, तसं. शिकवणाऱ्याच्या हातच्या चुकाही बरोबर यायच्या, त्यामुळे गावोगाव नियम वेगळे.

इथून पुढे संमेलन खेळाला आकार द्यायला लागलं. १९७५ च्या जुलैमध्ये बाल्टिमोरला ओरिजिन्स नावाचं दुसरं मोठं संमेलन भरलं. गायगॅक्सने तिथल्या स्पर्धेत खेळवायला एक काल्पनिक थडगं नेलं: टूम ऑफ हॉरर्स. मुळात घरचे बिलंदर खेळाडू फार मातले होते, त्यांची जिरवायला रचलेलं. आत राक्षस जवळजवळ नाहीत, नुसते सापळे. सुरुवातीच्याच दालनाच्या टोकाला भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, त्याचं तोंड उघडं आणि आत मिट्ट काळं. माणूस आत शिरेल एवढं मोठं. जो शिरतो तो नाहीसा होतो. फासे टाकून वाचायची संधी नाही, काही नाही. आजही जुन्या खेळाडूंसमोर तो हिरवा चेहरा नुसता उच्चारला तरी पुरतं.

पण त्या थडग्याचं खरं महत्त्व मला निराळीकडे दिसतं. घरी सूत्रधार मनाला येईल तसं रचतो. रात्री बारा वाजता काहीतरी सुचलं, घातलं. स्पर्धेत एकाच वेळी अनेक टेबलांवर अनेक सूत्रधार तेच थडगं खेळवणार, आणि कोण जास्त पुढे गेलं ते मोजायचं. मग सगळ्यांपुढे तेच वर्णन यायला हवं, तीच पात्रं, तोच वेळ. त्यासाठी सगळं आधी लिहून काढावं लागलं. ही लिहिलेली प्रकरणं नंतर छापून विकता येतात, हे टीएसआरच्या ध्यानात आलं. १९७८ मध्ये राक्षसांच्या किल्ल्यांवरची तीन प्रकरणं ओरिजिन्समध्ये खेळवून लगेच बाजारात आली, आणि तो थडग्याचा संचही त्याच वर्षी छापला गेला; सोबत खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची स्वतंत्र पुस्तिका. एका मालिकेच्या क्रमांकातलं सी हे अक्षर तर सरळ कॉम्पिटिशनचं. चौकटीत छापलेलं 'हे मोठ्याने वाचून दाखवा' छापाचं वर्णन, आयती तयार पात्रं, गुणांचा तक्ता, हे सगळं या स्पर्धांच्या साच्यातून आलेलं. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांमध्ये घड्याळाने जसा लेखनाचा एक घाट पाडला, तसंच काहीसं.

याची एक गंमत १९८० च्या जेन कॉनमध्ये झाली. गुलामांचा व्यापार करणाऱ्या टोळीवरची मालिका, आणि शेवटच्या भागाची सुरुवात अशी: तुम्ही पकडले गेला आहात, काळोख्या गुहेत आहात, अंगावर लंगोटी सोडून काही नाही. तलवारी, चिलखतं, मंत्रांच्या पोथ्या सगळं गेलेलं. स्पर्धेच्या दृष्टीने डोकं लढवलेलं आहे. सामान काढून घेतलं की उरते ती खेळाडूंची अक्कल.

त्याच वर्षी टीएसआरने आरपीजीए ही खेळाडूंची संघटना काढली. फ्रँक मेंट्झरने ती उभी केली. तिच्या स्पर्धांत भूमिका वठवण्यालाही मोल आलं. खेळ संपल्यावर टेबलावरचे लोकच एकमेकांना मतं देत. १९८७ मध्ये या संघटनेने आणखी एक युक्ती काढली: रेव्हन्स ब्लफ नावाचं एक काल्पनिक शहर सगळ्यांना सामाईक. तुम्ही आपलं पात्र कागदावर घेऊन फिरायचं. या संमेलनात मिळालेली जादूची तलवार पुढच्या संमेलनात, दुसऱ्या सूत्रधाराच्या टेबलावरही चालायची, प्रमाणपत्र जवळ असलं की झालं. २००० ते २००८ या काळात याच कल्पनेने अख्खा नकाशा व्यापला. काल्पनिक जगातला एकेक प्रदेश खऱ्या जगातल्या एकेका राज्याला किंवा देशाला वाटून दिला होता. चार तासांचे तुकडे जोडून केलेली गोधडीच ती.

मधल्या काळातली स्थलांतरं, मालकीचे व्यवहार थोडक्यात सांगतो, कारण त्यात कोर्टकचेरीच जास्त आहे. जेन कॉन १९७८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात, १९८५ मध्ये मिलवॉकीला आणि २००३ मध्ये इंडियानापोलिसला गेलं. गायगॅक्सच्या हातून १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच कंपनीचा ताबा गेला. १९९३ मध्ये मॅजिक हा पत्त्यांचा खेळ आला आणि संमेलनातली टेबलंच काय, जिन्याच्या पायऱ्याही पत्ते खेळणाऱ्यांनी अडवल्या. त्या पत्त्यांच्या पैशावर विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतली. २००२ मध्ये विझार्ड्सचा संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन याने जेन कॉन स्वतःकडे घेतलं.

तिकडे डेन्मार्कमध्ये आर्‌हुसला १९८६ पासून फास्टावल नावाचं संमेलन भरायला लागलं होतं. ईस्टरच्या सुट्टीत. डॅनिश लोकांनी स्पर्धा ठेवली, पण कोण थडग्यात किती पुढे गेलं याची नव्हे, स्पर्धा लिहिणाऱ्यांची. सर्वोत्तम संहितेला ऑटो नावाचं बक्षीस. परिणाम असा की तिथे तळघरं आणि राक्षस मागे पडले, आणि एका घरातलं भांडण, एक मरणशय्या, दोन भावांमधला न बोललेला राग असे विषय आले. घड्याळ तेच, पण त्यातून निघाली लघुकथा.

अमेरिकेतही नंतर थेट चार तासांसाठीच बांधलेले खेळ येऊ लागले. २००९ चा फियास्को घ्या: सूत्रधार नाही, पूर्वतयारी नाही, तीन ते पाच माणसं, मूठभर फासे, आणि संध्याकाळच्या शेवटी सगळ्या पात्रांचे बेत धुळीला मिळालेले.

अनोळखी माणसांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. मित्राच्या घरी कुणाला काय खुपतं ते माहीत असतं. संमेलनात शेजारी कोण बसलंय, तिच्या आयुष्यात काय घडून गेलंय, सूत्रधाराला कसं कळावं? न्यूयॉर्कच्या भागात संमेलनांचे खेळ भरवणाऱ्या जॉन स्टॅव्ह्रोपुलोसने यावर एक साधा तोडगा काढला. कोऱ्या कार्डावर फुली काढायची आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. चाललेला प्रसंग नको वाटला की कुणीही ते उचलायचं. कारण विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. सुरुवातीला यावरून बरीच नाकं मुरडली गेली. आता ते कार्ड घरच्या टेबलांवरही दिसतं, म्हणजे वाट पुन्हा तीच, संमेलनाकडून घराकडे.

गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात वारला. अंत्यविधीनंतर माणसं गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जमली. थोडा वेळ आठवणी झाल्या. मग कुणी नकाशा उलगडला, कुणी फासे काढले, आणि टेबलं भरली. पुढच्या वर्षीपासून त्या गावात दर मार्चमध्ये गॅरी कॉन भरतं. अंत्यविधीच्या त्या दुपारला खेळाडू शून्यावं गॅरी कॉन म्हणतात, तळघरातल्या १९६७ च्या जमावाला शून्यावं जेन कॉन म्हणतात तसं.