श्वास हळू घ्यायचा की जोरात?

चिपळूणची माझी आत्या एकदा ऐन श्रावणात आमच्याकडे पुण्याला आली, ती धापा टाकतच. औषध चालू आहे ना विचारलं, तर म्हणाली, "रोज दोनदा ओढते रे, न चुकता. पण हल्ली लागूच पडत नाही." पिशवीतून तिनं इनहेलर काढला आणि सोबत स्टीलची एक डबी. इनहेलरमध्ये बसवून ओढायच्या महिन्याच्या सगळ्या कॅप्सूल बाटलीतून काढून तिनं त्या डबीत भरल्या होत्या, आणि डबी असायची स्वयंपाकघरात मोरीजवळच्या फळीवर. कोकणातला पावसाळा, त्यात मोरीची ओल. कॅप्सूलचं जिलेटीनचं कवच चिकट झालं होतं आणि आतल्या पुडीचे बारीक गोळे झाले होते. आत्या रोज इमानदारीनं ओढत होती, पण छातीत जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

आत्यानं आयुष्यात विडी ओढली नाही. चाळीस वर्षं चूल मात्र फुंकली. गावात सगळे तिला दमेकरी म्हणतात, पण तिचं दुखणं दमा नाही, सीओपीडी आहे. दम्यात श्वासनलिका आवळतात, सुजतात, आणि औषधानं बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या नाजूक पिशव्या विरत जातात. तंबाखूचा धूर हे याचं ठाऊक असलेलं कारण. चुलीच्या धुरासारखी बाकीची कारणं किती मोठी आहेत, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ठळकपणे मांडलं. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण होते आणि दम्याचे सुमारे ३.८ कोटी. दोन्हींचं मुख्य औषध इनहेलरमधूनच जातं.

गोळी सोपी असताना हा खटाटोप का? कारण गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. अटॅकच्या वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत पोटात द्यावं लागतं. इनहेलरच्या एका मात्रेत ब्युडेसोनाइड असतं २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनानं त्याच्या दोनशेवा भाग. तरीही "पंप लागला म्हणजे संपलं" असं म्हणणारे लोक गोळ्या मात्र बिनघोर गिळतात.

पण हे एवढंसं औषध नेमक्या जागी पोचायला हवं. घशातून फुप्फुसाकडे जाणारी वाट घाटासारखी वळणाची आहे. कुंभार्ली घाटात वेगात आलेला भरलेला ट्रक वळण चुकून कठड्यावर जातो, मोटारसायकल सहज वळते. औषधाचा कण पाच मायक्रॉनपेक्षा बराच मोठा असेल किंवा फार वेगात आला, तर तो घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो आणि पोटात जातो. एका मायक्रॉनहून बारीक असेल तर त्यातला बराचसा तरंगत राहतो आणि उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. एक ते पाच मायक्रॉन, ही कामाची खिडकी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. सगळे इनहेलर हे कण तयार करायलाच बनवले आहेत, फक्त त्यासाठी लागणारी ताकद ते वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

ज्याला आपण पंप म्हणतो, त्याचा जन्म एका मुलीच्या वैतागातून झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या लेकीनं विचारलं, की केसांच्या स्प्रेसारखं माझं दम्याचं औषध डब्यात का नाही मिळत? तोवर रबरी फुगा दाबून चालणारी काचेची नाजूक उपकरणं वापरावी लागत. मेसन यांच्या माणसांनी अत्तराच्या बाटल्यांसाठी केलेली, दर दाबाला मोजकंच द्रव सोडणारी झडप वापरली आणि १९५६ मध्ये पंप बाजारात आला. यात ताकद डब्यातल्या दाबाखालच्या वायूची. दाबलं की फवारा सुसाट सुटतो. म्हणून आपला श्वास संथ हवा: आधी पूर्ण सोडायचा, मग ओढायला सुरुवात करतानाच दाबायचं, चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहायचं आणि दहापर्यंत मोजत रोखून धरायचा. वायूची वाफ होताना फवारा गार पडतो. तो गार झोत घशाला लागला की कित्येकांचा श्वास तिथेच अडकतो.

पुडीच्या इनहेलरमध्ये वायू नसतो, दाब नसतो. आपल्याकडे घरोघरी दिसणारा रोटाहेलर घ्या. त्यात कॅप्सूल बसवून पिळलं की तिचे दोन भाग होतात. आतले औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या दाण्यांना चिकटलेले असतात. त्यांना सुटं करायला आत भोवरा उठावा लागतो, आणि तो आपल्याच ओढीतून उठतो. म्हणून इथे पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढायचं. लॅक्टोजचे दाणे घशात राहतात, त्याची गोडसर चव येते. ओढून झाल्यावर कॅप्सूलमध्ये पूड उरली असेल तर पुन्हा ओढायचं. यंत्रात फुंकायचं मात्र नाही, कारण पुडीचे गोळे व्हायला तोंडातली वाफ पुरे होते. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. सांगताना हसू येतं, पण कॅप्सूल म्हटलं की पाण्याचा पेला हातात घेणारे पुष्कळ आहेत, आणि चूक त्यांची नाही, न सांगता ती हातात देणाऱ्याची आहे.

म्हणजे एका यंत्रात हळू, दुसऱ्यात जोरात. आत्याला छातीच्या डॉक्टरांनी पुडीऐवजी पंप दिला तेव्हा तिनं तो पुडीसारखाच खस्सकन ओढला, तेही दाबून झाल्यावर. फवाऱ्याचा निम्मा ढग तिच्या नाकासमोर तरंगत होता. आत्या एकटी नाही. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अचूक पद्धतीनं इनहेलर घेणारे रुग्ण ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नव्हती. यंत्रं सुधारली, शिकवणं तसंच राहिलं. मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की सकाळी पूड आणि धाप लागली की पंप अशी दोन उलट्या स्वभावाची यंत्रं एकाच माणसाला सर्रास लिहून दिली जातात.

मग कोणाला काय? जोरात ओढता येतं का, हा पहिला प्रश्न. बळावलेल्या सीओपीडीत आत अडकलेल्या हवेनं छाती फुगलेली असते, श्वासपटल सपाट झालेलं असतं. अशा माणसात भोवरा उठवण्याइतकी ओढ उरत नाही. ही ओढ मोजायचं एक छोटं मीटर असतं, दोन मिनिटांचं काम. डॉक्टरांना मोजायला सांगावं. दुसरा प्रश्न हातांचा. संधिवातानं बोटं आखडलेल्या आजींना डबा दाबणं जमत नाही, आणि लहान मुलांना दाबणं व ओढणं यांची वेळ साधत नाही. तिथे स्पेसर उपयोगी पडतो. पंपाला जोडायचं हे पोकळ नळकांडं. त्यात फवाऱ्याचा वेग मरतो, मोठे थेंब भिंतीला चिकटतात, बारीक धुकं उरतं आणि ते सावकाश ओढता येतं. अगदी लहानग्यांसाठी त्यालाच मास्क लावतात. स्पेसर महाग वाटत असेल तर केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांचं काम आठवावं: अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली तळाला पंपाच्या मापाचं भोक पाडून वापरली, तर अटॅक आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच उतार पडला, असं त्यांनी १९९९ मध्ये दाखवलं.

युरोपात सध्या पंपाकडून पुडीकडे वळा असा आग्रह आहे, कारण पंपातला वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो. मुद्दा खरा आहे. पण ज्याला पूड ओढवत नाही, त्याच्यासाठी तो नाही.

यंत्राइतकंच आतल्या औषधाचंही बघायला हवं. दम्यात फक्त धाप कमी करणारा पंप वर्षानुवर्षं मारत राहणं धोक्याचं आहे. सूज तशीच राहते. २०१९ पासून 'गिना' ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका सांगते, की मोठ्या माणसांना सौम्य दम्यातही स्टेरॉइडशिवाय नुसता सालब्युटामॉल, म्हणजे हेच धाप कमी करणारं औषध, देऊ नये. सीओपीडीत उलट, नळ्या दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारी औषधं आधी. स्टेरॉइड सगळ्यांनाच लागत नाही, आणि त्यानं न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून शेजाऱ्याचा इनहेलर आपला नव्हे. स्टेरॉइडवाला कुठलाही घेतला तरी मागून चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. औषध संपल्यावरही डब्यातला वायू फुसफुसत राहतो. पाण्यात डबा तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्यावा, नसेल तर कॅलेंडरवर रेघा माराव्यात.

आत्याची ओढ मीटरवर कमी भरली. आता तिच्याकडे पंप आणि स्पेसर आहे, औषधं तीच. एका वेळी एकच फवारा, मग सावकाश श्वास. दर रविवारी ती स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढते आणि भांड्यांच्या जाळीत उभा करून आपोआप सुकू देते. फडक्यानं घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज जमते आणि औषध भिंतीलाच चिकटतं, हे तिला डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं. परवा सुनेनं ओला दिसला म्हणून पदरानं पुसायला घेतला, तर आत्या माजघरातून ओरडली, "अगो, ठेव तो तसाच!" एका दमात ओरडली.