पडदे ठोकले, मग घोडी हलली

सतारीत चल थाट आणि अचल थाट असे दोन प्रकार सांगतात. चल थाटात पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात आणि राग बदलला की वादक ते सरकवून कोमलाचा शुद्ध, शुद्धाचा कोमल करून घेतो. अचल थाटात पडदे जास्त, त्यामुळे सरकवायची गरज नाही. इलेक्ट्रिक गिटार ही पक्की अचल थाटाची. तिचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात. एखादा स्वर चढा लागला म्हणून पडदा अर्धा केस मागं घेणं तिथं शक्यच नाही. मग दुरुस्ती करायची ती दुसऱ्या टोकाला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, म्हणजे ब्रिजवर. गिटारवाले ज्याला ‘इंटोनेशन करणं’ म्हणतात ते हेच.

दुरुस्ती मुळात लागते का? तारेच्या बरोबर मध्यावर बारावा फ्रेट असला तर तिथं दाबल्यावर वरचा सा मिळायला हवा. कागदावर मिळतोही. पण तार फ्रेटला टेकवायची म्हणजे थोडी खाली ओढावी लागते, ओढली की ताण वाढतो आणि ताण वाढला की स्वर चढतो. शिवाय पोलादी तार दोऱ्यासारखी लवचीक नसते, तिला स्वतःचा ताठरपणा असतो. वाजणारा तुकडा जितका आखूड तितका हा ताठरपणा अधिक जाणवतो. म्हणून तारेचं घोडीकडचं टोक हिशेबापेक्षा थोडं मागं न्यावं लागतं. बारीक तारेला साधारण दोन मिलिमीटर, जाड खर्जाच्या तारेला चार-पाच. सगळा खेळ एवढ्या जागेतला.

ही अडचण गिटारपेक्षा जुनी आहे. युरोपातल्या ल्यूट या वाद्यावर तातेचे पडदे गुंडाळून बांधत, म्हणजे तीही एका अर्थानं चल थाटाचीच. हे पडदे कुठं बांधावेत यासाठी विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली एक सोपा नियम मांडला. हे विन्चेन्झो म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील. स्वतः ल्यूट वाजवत आणि तारांवर प्रयोगही करत. नियम असा: तारेच्या लांबीचे अठरा भाग करा, पहिला पडदा एका भागावर बांधा, उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करा, आणि असंच पुढं. बारा वेळा केलं की अष्टक यायला हवं. पण येत नाही. ६५० मिलिमीटरच्या तारेवर या नियमानं बारावा पडदा ३२५ वर न पडता जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो, म्हणजे स्वर किंचित उतरलेला. गणितात खोट, पण बोटाच्या दाबानं स्वर चढतो तो नेमका उलट्या दिशेनं, त्यामुळे हाताखाली दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. वाद्य बनवणाऱ्यांनी हा नियम पुढं शतकानुशतकं वापरला. त्याच सुमारास, १५८४ मध्ये, चीनमध्ये राजपुत्र जू झाईयू यांनी अष्टकाचे बारा अगदी समान भाग गणितानं काढले. त्या हिशेबात अठराऐवजी १७.८१७ हा आकडा येतो. आज फ्रेट याच आकड्यानं कापतात. हिशेब चोख झाला आणि बोटाचा दाब भरून काढायची जुनी गफलत गेली. ती जबाबदारी आली घोडीवर.

साध्या लाकडी गिटारवर घोडीतली हाडाची पट्टी तिरकी बसवतात, जाड तारांच्या बाजूला जरा लांब. तेवढ्यावर भागतं, कारण तिथला स्वर लवकर विरतो आणि बहुतेक वादन पहिल्या चार-पाच फ्रेटवर चालतं.

इलेक्ट्रिक गिटारच्या आरंभी तर हा प्रश्नच नव्हता. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ मध्ये घडवलेली, तव्यासारख्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची होती. फ्रेट फक्त खुणेपुरते. आपल्या विचित्र वीणेसारखंच; स्वर कुठं ठेवायचा ते कानानं ठरवायचं, बेसूर झालं तर दोष हाताचा. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून व्हॅन शिपले यांच्या हातची जी इलेक्ट्रिक गिटार घराघरांत पोचली, तीही हीच हवाईयन जातीची. तिच्यावर मींड निघते म्हणून आपल्या लोकांना ती लगेच आपली वाटली, असं माझं मत.

पुढं गिटार उभी धरून, मानेच्या अगदी वरच्या टोकापर्यंत बोटं नेऊन वाजवायला लागले तेव्हा खरी पंचाईत झाली. अँप्लिफायरमुळे स्वर लांबतो आणि लांबला की दोन तारांमधली कुरबुर लपत नाही. कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. पुढं टेलिकास्टर नावानं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १९५० च्या गिटारवर सहा तारांना तीनच सॅडल, म्हणजे घोडीवरचे तार टेकायचे सरकते तुकडे, होते, दोन तारांत एक. म्हणजे शेजारणीचं जमवावं तर हिचं बिघडतं. बिल कार्सन यांच्यासारख्या वादकांनी याबद्दल कुरकुर केली. तिकडे गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारवर तार-तार वेगळी जुळवायची सोयच नव्हती.

मग १९५४ साली दोन्ही घरांतून उत्तर आलं. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल, उंचीही वेगळी आणि मागं-पुढंही वेगळं. गिब्सनचे टेड मॅकार्टी यांच्या नावावर असलेला ‘ट्यून-ओ-मॅटिक’ ब्रिज त्याच वर्षी लेस पॉल कस्टमवर आला. त्यातही सहा तारांचे सहा स्क्रू. आज पुण्यात कुठल्याही मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत जी गिटार असते, तिच्या ब्रिजचा वंश बहुधा या दोहोंपैकी एकाकडे जातो.

तिसऱ्या तारेचा घोळ मात्र यानंतर सुरू झाला. पूर्वी ‘जी’ तारही खर्जाच्या तारांसारखी वर वेटोळं घातलेली असे. साठच्या दशकात वादकांना तार ओढून स्वर वर न्यायची चटक लागली आणि हलके, म्हणजे बारीक तारांचे, सेट हवे झाले. अर्नी बॉल यांनी असे सेट १९६२ च्या सुमारास विकायला काढले. त्यांत तिसरी तार साधी, वेटोळ्याविना. ताठरपणा ठरतो आतल्या गाभ्यावर, आणि साध्या जी तारेचा गाभा सगळ्यांत जाड. त्यामुळे तिचं सॅडल एकदम मागं सरतं आणि चौथीचं पुन्हा पुढं येतं. ब्रिजकडे वरून पाहिलं की जिन्याच्या पायऱ्या मध्येच तुटल्यासारख्या दिसतात. नवखे लोक ते बघून घाबरतात आणि सगळे सॅडल एका ओळीत लावून ठेवतात. मीही ठेवले होते.

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार नव्वदच्या दशकातली, देशी बनावटीची. वरच्या फ्रेटवर ती ठार बेसूर. जिथून घेतली त्या दुकानदारानं सांगितलं, “वाजवत राहा, आपोआप बसेल.” पडदे ठोकलेल्या वाद्यात आपोआप काय बसणार? दोष पहिल्यांदा नीट सांगितला तो आत्यानं. सवाईला दरवर्षी बैठक मारून ऐकणारी बाई, गिटारशी काडीचा संबंध नाही. स्वयंपाकघरातून म्हणाली, “खाली ठीक आहे रे, वर गेलास की कणसूर लागतंय.” इंटोनेशन बिघडणं म्हणजे काय याचं याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

तोवर हे काम कानाचंच होतं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर घ्यायचा, मग तिथंच दाबून वाजवायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागं, उतरलेला असेल तर पुढं. पाश्चात्त्य देशांत मोठ्या कार्यशाळांकडे १९३६ पासून स्ट्रोबोकॉन नावाचं स्वर मोजणारं फिरत्या चकतीचं यंत्र होतं. हातात मावणारा, काट्यावर स्वर दाखवणारा ट्यूनर कॉर्ग कंपनीनं १९७५ मध्ये आणला. आपल्या खिशात तो आला मोबाइलबरोबर.

ट्यूनरच्या काट्यामुळे एक वाईट सवय लागली, ती म्हणजे थेट सॅडलला हात घालायचा. खरा क्रम उलटा आहे. आधी नव्या तारा, कारण जुनी गंजकी तार कुठंच नीट जुळत नाही. मग ट्रस रॉडनं मानेचा बाक. मानेत लोखंडी कांब घालायची ही युक्ती गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांची, पेटंट १९२३ चं. मग अॅक्शन, म्हणजे तारांची उंची. तारांचं कंपन टिपणारे पिकअप तारांच्या फार जवळ असतील तर त्यांचं चुंबक तार ओढतं, तेही खाली घ्यायचे. इंटोनेशन सगळ्यांत शेवटी. पुण्यात हे वर्षातून दोनदा तरी करावं लागतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात जुळवलेली गिटार जुलैच्या ओलीत मान हलवते, अॅक्शन बदलते आणि त्यामागोमाग इंटोनेशन. ज्या अमेरिकी सॅडलच्या उंचीच्या स्क्रूंना इंची मापाची अॅलन की लागते, तिच्यासाठी मी एकदा बोहरी आळीची सगळी हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी दीड मिलिमीटरचीच पुढं करत. ती बसत नाही.

आणि सगळं जुळल्यावरही एक गोष्ट उरतेच, ती या भागाला नवी नाही. हार्मोनियमच्या ठोकलेल्या सुरांवरून इथं शंभर वर्षांपूर्वीच वाद झडले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींची मोजमापं १९१० साली पुण्यात छापून प्रसिद्ध केली. पुढं आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारच बंद केलं. कारण साधं आहे. अष्टकाचे १२०० सेंट धरले तर तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर असतो. पेटीचा आणि गिटारचा ४०० वर.

ब्रिज नीट जुळवल्यावर मी आत्याला पुन्हा बसवून ई मेजरचा कॉर्ड, म्हणजे सुरांचा एकत्र मेळ, ऐकवला. तिनं डोळे मिटून ऐकलं. “वरचं सुधारलं. गंधार मात्र चढाच.” या कॉर्डमधला गंधार ‘जी’ तारेवर वाजतो, म्हणून मी ती तार चौदा सेंट उतरवली. आता आत्या मान डोलावू लागली. मग सी मेजर वाजवला, त्यात हीच तार मोकळी, पंचमावर. तिनं एकच डोळा उघडला.