पितळ टिकतं, वायसर जातो

गिरगावातल्या आत्याच्या खोलीत स्वयंपाकघर म्हणजे एक अरुंद कडप्प्याचा ओटा, त्याला चिकटून मोरी आणि वर डब्यांची फळी. यंदा खोली रंगवायला काढली तेव्हा माळ्यावरून स्टोव्ह खाली आला. तीन पायांचा, पितळी, टाकीवर स्वीडनचा पुसट शिक्का. आत्या लगेच चिंच भिजवायला निघाली. मी म्हटलं, "थांब, घासायचं शेवटी. आधी हा श्वास धरतो का बघू."

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्टॉकहोमच्या माणसाने 1892 च्या सुमारास हा बिनवातीचा स्टोव्ह तयार केला. पुढच्याच वर्षी नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नानसेन तो उत्तर ध्रुवाकडे घेऊन गेला आणि 1911 मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर. आपल्याकडे त्याने चाळीतल्या ओट्यावर गॅस येईपर्यंत संसार केला. बर्फात आणि चाळीत अडचण तीच होती: जागा कमी, आणि काजळी नको.

वातीच्या स्टोव्हला काजळी धरते, कारण तिथे रॉकेलच्या वाफेला हवा पुरेशी आणि वेळेवर मिळत नाही. न जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि मग पातेल्याच्या बुडाला चिकटतात. लिंडक्विस्टच्या स्टोव्हमध्ये टाकीतली दाबलेली हवा रॉकेलला मधल्या नळीतून वर ढकलते. वर बर्नरच्या नळ्या ज्योतीतूनच वळसा घेतात. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांच्या दरम्यान उकळतं, तेव्हा तिथे पोचेपर्यंत त्याची वाफ झालेली असते. ही वाफ निपलच्या छिद्रातून, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश मिलिमीटरच्या भोकातून, जोराने सुटते आणि आजूबाजूची हवा सोबत ओढून नेते. हवा आधीच मिसळलेली असल्याने ज्योत निळी. आत्ताची ज्योत पुढच्या घोटाचं रॉकेल उकळते आणि असं चक्र चालू राहतं. फक्त पहिल्या वेळी उकळायला कुणी नसतं, म्हणून काकडा, म्हणजे बर्नर आधी तापवायला पेटवायचा बोळा. (जुन्या काकड्याला बहुधा ॲस्बेस्टॉसची दोरी असते. ती झटकत बसू नका, काकडा सरळ बदला.)

या सगळ्याला हवा धरून ठेवणारी टाकी लागते. मी पंप मारायला घेतला तर दांडा हाताला लोण्यासारखा आत जात होता, दाब काहीच नाही. पंपाच्या टोकाला चामड्याची वाटी असते, तिला सगळे वायसर म्हणतात. दांडा खाली दाबला की वाटीची कड फुलून नळीला घट्ट बसते, वर ओढला की कड आत मिटते आणि हवा बाजूने खाली जाते. आमची वाटी वाळून पापडासारखी झाली होती. रात्रभर तेलात बुडवून ठेवली, सकाळी बोटाने कड बाहेर वळवली आणि बसवली. पंप मारल्यावर दाब आला खरा, पण सोडल्यावर दांडा आपोआप वर सरकू लागला. म्हणजे पंपाच्या तळाची एकमार्गी झडप गेलेली. तिच्यात स्प्रिंगवर टेकलेला बुचाचा एक चिमुकला तुकडा असतो. त्याच्या जागी रॉकेलला न फुगणारं नायट्राइल रबर कापून घातलं. बर्नरखालचा शिशाचा वायसरही बदलला. स्टोव्हमध्ये पितळ शंभर वर्षं टिकतं. जातात ते चामडं, बूच आणि शिसं, म्हणजे जे काही मऊ आहे ते. माझा तर अनुभव असा की "स्टोव्ह बाद झाला" म्हणतात तेव्हा दहातले नऊ वेळा मुठीत मावणाऱ्या वस्तू बाद झालेल्या असतात.

मग कोरडी टाकी, दाब भरून, बादलीत बुडवली. जिथे बुडबुडे, तिथे गळती.

पितळही अगदीच निर्दोष नाही. टाकी पत्रा खेचून घडवतात आणि त्या ओढाताणीचा ताण धातूत अडकून राहतो. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. तबेल्याजवळच्या हवेतला, घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमटपणात त्या ताणलेल्या पितळावर काम करत होता, हा उलगडा 1921 मध्ये झाला. म्हणून अमोनियाचा क्लीनर या टाकीला लावू नका. चिंच बरी, तिच्यातलं आम्ल काळा थर विरघळवतं. पण चिंचेतही रात्रभर ठेवायचं नाही, नाहीतर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं. आमच्या टाकीच्या एका बाजूला असा गुलाबी डाग आहे. कुणाची कारागिरी, हे आत्या सांगत नाही.

पिन मारण्यातही असंच. छिद्रात कार्बन साचतो, तो पिनेने काढावाच लागतो. पण रोज दामटून पिन मारली आणि 0.32 मिलिमीटरचं छिद्र 0.40 झालं, तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. वाफ तेवढी जास्त सुटते, हवा त्या मानाने वाढत नाही, आणि ज्योत पिवळी पडते. अशा वेळी निपलच नवा घ्यावा.

टाकी पाऊणच का भरायची, हेही आत्याला तोंडपाठ, कारण मात्र नाही. समजा टाकी एक लिटरची. पाऊण भरली तर वर पाव लिटर हवा उरते, तीच स्प्रिंग. बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाबली, आणि सव्वाशे मिलिलिटर रॉकेल जळलं, की हवेला दीडपट जागा मिळते आणि ढकलणारा जादाचा दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. गळ्यापर्यंत भरून शंभर मिलिलिटरच हवा ठेवली, तर तीच गत पन्नास मिलिलिटर रॉकेल जळताच होते. मग पंप मारत बसा.

भडक्याबद्दल सांगायलाच हवं. बर्नर पुरेसा तापण्याआधी पंप मारला तर निपलमधून वाफेऐवजी द्रव रॉकेल उडतं आणि पिवळा लोळ उठतो. दाब सोडायची चावी त्यासाठीच आहे: सैल केली की लोळ बसतो. बर्नरच्या बुडाशी ज्योत दिसली तरी हेच करायचं, कारण तिथली कथील-शिशाची डाक 183 अंशांच्या आसपास वितळू लागते. पेट्रोल मात्र कधीच घालायचं नाही. एकेकाळी वर्तमानपत्रात विवाहितेच्या मृत्यूच्या बातमीत 'स्टोव्हचा भडका' ठरलेला असायचा. त्यातल्या कित्येक भडक्यांशी स्टोव्हचा संबंध नव्हता. विवाहितेच्या सासरच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम 1983 मध्ये आणि हुंडाबळीचं 304-ब 1986 मध्ये यावं लागलं, ते यंत्रातल्या दोषामुळे नाही.

बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, म्हणून खिडकी उघडून स्टोव्ह तिच्याजवळ ठेवला. काकडा लावला, बर्नर तापू दिला, दोन पंप मारले. पहिल्यांदा ज्योत पिवळी फडफडली, मग फर्रर आवाज करत निळी झाली. वाफेचा झोत टोपीवर आपटून ज्योत खळबळते, तोच हा आवाज. बिनआवाजाच्या बर्नरमध्ये तोच झोत असंख्य बारीक छिद्रांत वाटलेला असतो. समोरच्या खोलीतल्या काकू दारात आल्या, "आज कोणाकडे पाहुणे?"

चहाला उकळी आली. मी काही म्हणायच्या आत आत्याने पातेलं उतरवलं आणि स्टोव्हकडे न बघताच दोन बोटांनी चावी सैल केली.