कमरेचे माप आणि कॅमेऱ्याची उंची

1986 साली, म्हणजे गोवा अजून संघप्रदेशच होता तेव्हा, जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘मेट्रॉइड’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्यातील सॅमस आरान हे पात्र नखशिखांत चिलखत घालून लढते, त्यामुळे खेळणारा त्याला पुरुषच समजत असे. गेम पाच तासांच्या आत संपवला तर शेवटी शिरस्त्राण उतरते आणि ती स्त्री असल्याचे कळते. तीन तासांच्या आत संपवला तर चिलखतही जाते. आणि तासाभरात संपवणाऱ्याला ती चक्क बिकिनीत दिसते. खेळातील कौशल्याचे बक्षीस म्हणून स्त्रीचे शरीर दाखवण्याची ही रीत पुढे चांगलीच रुजली.

या विषयावर मतप्रदर्शन पुष्कळ झाले, मोजमाप मात्र उशिरा सुरू झाले. टेरेसा लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1983 ते 2014 या काळातील, खेळाडूला ज्यांची भूमिका घेता येते अशी 571 स्त्रीपात्रे तपासली आणि उघडे अंग, शरीराची अवाजवी प्रमाणे, हालचालींची ढब अशा गोष्टींची नोंद केली. 1990 च्या दशकात लैंगिकीकरण शिगेला पोहोचले आणि 2006 नंतर ते उतरणीला लागले, असे त्यांना आढळले. मुख्य नायिकांपेक्षा दुय्यम पात्रांच्या वाट्याला ते अधिक येते, आणि मारामारीच्या गेममध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. त्याआधी 2009 साली निकोल मार्टिन्स यांच्या गटाने गेममधील स्त्रीदेहांची मापे अमेरिकी स्त्रियांच्या प्रत्यक्ष मापांशी ताडून पाहिली होती. चित्रण जितके वास्तवाच्या जवळ जाणारे तितकी पात्रे सडपातळ होती, आणि मुलांसाठीच्या गेममधील स्त्रिया प्रौढांच्या गेममधील स्त्रियांपेक्षाही बारीक होत्या. मला यातला दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, कारण पालकांचे लक्ष कपड्यांकडे जाते, कमरेकडे जात नाही.

हे सारे घडवतात कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्रिमितीय पात्राच्या आत आभासी हाडांचा सांगाडा असतो आणि त्याच्या हालचालीनुसार वरची त्वचा वळते. केस, झगा किंवा कानातले यांना स्वतःची हालचाल द्यायची असेल, तर जादा हाडे जोडून त्यांना आभासी स्प्रिंग लावतात. मारामारीच्या अनेक गेममध्ये हीच युक्ती छातीसाठी वापरली जाते. येथे दोन आकडे निर्णायक ठरतात: स्प्रिंगचा ताठपणा आणि हेलकावे किती लवकर विरावेत हे ठरवणारे अवमंदन. प्रत्यक्षात स्तनांना त्वचेचा आणि आतील तंतुमय बंधांचा आधार असतो, धावताना त्यांची हालचाल साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते, आणि घट्ट कपड्याने ती बरीच आटोक्यात येते. गेममध्ये मात्र पात्र थांबल्यावरही छाती हिंदकळत राहते, प्रसंगी पोलादी चिलखताच्या आतसुद्धा, कारण कोणीतरी अवमंदनाचा आकडा मुद्दाम खाली ठेवलेला असतो. त्याचा दोष संगणकाच्या मर्यादेवर टाकता येत नाही.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. पात्राच्या पाठीमागे तो खांद्याच्या उंचीवर ठेवला तर समोरची वाट दिसते. कमरेच्या खाली आणला तर पाहण्याचा विषयच बदलतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 2020 साली आणलेल्या ‘राजी’ या गेममध्ये सर्कशीतली एक मुलगी आपल्या भावाला शोधत असुरांशी लढते आणि कॅमेरा बहुतेक वेळ उंचावर, दूर असतो. तिचे कोलांट्या मारणे आणि भिंतीवर चढणे डोळ्यांत भरते, ते त्यामुळेच.

अतिशयोक्ती तर कलेत असतेच, हा नेहमीचा बचाव गोव्यात तरी सहज पटेल. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतली मिस फोन्सेकाही काही बेताच्या अंगाची नव्हती. पण मारिओंच्या रेषेने मंत्री बंडलदासचे पोटही तितक्याच मिस्कीलपणे फुगवले होते. गेममध्ये पुरुषाचे बाहू फुगवले जातात ते तो बलवान दिसावा म्हणून, आणि स्त्रीची छाती फुगवली जाते ती तिच्याकडे पाहिले जावे म्हणून.

खेळणाऱ्याच्या मनावर याचा काय परिणाम होतो, याविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. जेसी फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या 2013 सालच्या प्रयोगात, आभासी जगात तोकड्या कपड्यांतील देह धारण केलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार वाढलेले दिसले. उलट, जर्मनीत 824 जणांची तीन वर्षे पाहणी करणाऱ्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गेम खेळणे आणि स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह यांचा संबंध आढळला नाही. आणि 2022 साली ख्रिस्तोफर फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हानीचा ठोस पुरावा मिळाला नाही. प्रयोगशाळेतील काही मिनिटांचा परिणाम आणि वर्षानुवर्षांची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे ‘गेममुळे मुले बिघडतात’ हे विधान विज्ञानाच्या नावावर खपवू नये. तरीही एखादे चित्रण अपमानकारक आहे असे म्हणण्यासाठी हानीचा आलेख हाती असावाच लागतो, असे नाही. चित्रपटांत आणि जाहिरातींत आपली भूमी कायम बिकिनी आणि बाटलीपुरतीच दाखवली जाते, याचा राग करणारा गोवेकर त्यासाठी आकडेवारी मागत बसत नाही.

आज म्हापसा असो वा काणकोण, मुलांचा गेम घरातल्या मोबाइलवर चालतो, आणि फुकट मिळणाऱ्या गेमची कमाई बहुधा जाहिराती व पात्रांच्या नव्या पोशाखांच्या विक्रीतून होते. म्हणजे पोशाख हाच माल झाला. डाउनलोड करण्यापूर्वी 12+ किंवा 16+ असा वयाचा जो शिक्का दिसतो, तो गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. त्या प्रश्नावलीत हिंसा, नग्नता, जुगार यांविषयी विचारलेले असते. नायिकेची कंबर किती इंचांची आणि कॅमेरा किती उंचीवर, हे पालकाने स्वतः दहा मिनिटे गेम खेळूनच पाहावे लागते.