रिपरने कापड फाटतं म्हणे

"रिपरने उसवलं की कापड फाटतंच, त्यापेक्षा दाढीचं ब्लेड बरं." रिपर म्हणजे शिवणीचे टाके उसवायचं दोन दातांचं छोटं हत्यार. गोधडी शिवणाऱ्या बायांमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. त्यामागे अनुभव आहे, पण दोष वेगळ्याच ठिकाणी आहे.

रिपरची धार त्याच्या टोकाला नसते. दोन दातांच्या मधल्या खाचेत असते. लांब दात टाक्याखाली घालायचा, मग धागा खाचेत येऊन कापला जातो. आखूड दातावरचा लाल मणी शोभेचा नाही, तो कापडात टोक घुसू देत नाही. ब्लेडला असं काहीच नसतं, आणि बोट कापतं ते वेगळंच!

मग फाटतं का? बहुतेक वेळा रिपर बोथट झालेला असतो. धागा कापला जात नाही, म्हणून आपण जोर लावतो आणि हात सटकतो. जुन्या लुगड्याच्या विरलेल्या कापडाला तेवढं पुरतं.

खात्री घरीच करा. चिंधीवर मशीनची एक शिवण घाला. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापा, मग उलट बाजूचा धागा ओढा. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालच्या बॉबिनचा (छोट्या रिळाचा) असे दोन धागे अडकलेले असतात, म्हणून तो सरळ निघून येतो. अर्धी शिवण जुन्या रिपरने, अर्धी नव्या रिपरने उसवा. फरक हातालाच कळेल.

विकत घेताना टोक बारीक आणि मूठ जाडसर बघा. पाच मिनिटांत बोटातून फिरणारी काडीसारखी मूठ मला तरी नको.